संध्याकाळी सहाचं पाणी

बोट घेणारा माणूस आधी इंजिन विचारतो, मग किंमत, मग आतल्या गाद्यांचा रंग. ती ठेवायची कुठे, हे त्याला बहुधा पैसे भरून झाल्यावर सुचतं, आणि माझं काम तिथून सुरू व्हायचं. मुंबई ते गोवा या पट्ट्यात दुसऱ्यांच्या बोटी सांभाळणं हा माझा धंदा. जागा शोधायची, खलाशी नेमायचे, इंजिनाची निगा राखायची, पावसाळ्याआधी बोट वर ओढून शाकारायची आणि वारं निवळलं की परत पाण्यात सोडायची. यातली बाकीची कामं पैशाने आणि थोड्या आरडाओरड्याने होतात. जागेचं तसं नाही.

परदेशी मरीनात प्रत्येक बोटीला आखून दिलेली स्लिप असते. दोन्ही बाजूंना तरंगते फलाट, शेजारी विजेचा खांब, पाण्याचा नळ. आपल्या देशात कोचीच्या बोलगट्टीला तसं मरीना आहे. मुंबईच्या आसपास तरंगत्या फलाटाच्या जागा मोजक्या, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेले लोक पुष्कळ. उरलेल्यांनी जेट्टीच्या कडेला बांधायचं, नाहीतर खाडीत बोयाला. पण फलाट असो, धक्का असो की बोया, मालक एकच प्रश्न विचारतो, "पाणी किती आहे?" आणि समोरचा एक आकडा सांगतो. बारा फूट. पंधरा फूट. हा आकडा ऐकून जे लोक खूश होतात त्यांच्याबरोबर मी पुढची काही वर्षं घालवलेली आहेत, म्हणून सांगतो.

जागा दाखवणारे खोटं बोलत नाहीत. ते फक्त रविवारी अकरा-साडेअकराला बोलावतात. मालक मुंबईहून निवांत निघतो, चहापाणी होतं, सगळे जेट्टीवर उभे राहतात तेव्हा बारा वाजलेले असतात. आता आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आठवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा. मच्छीमारांच्या पोरांना हे शाळेत जाण्याआधी येतं. पुनवेला आणि अवसेला, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, मुंबईजवळ पाणी भरतं ते दुपारी बाराच्या सुमारास. मालक पुनवेच्या रविवारी आला तर त्याला पंधरवड्यातलं सगळ्यात भरलेलं पाणी दिसतं. अष्टमीच्या रविवारी आला तर दुपारी ओहोटी असते खरी, पण ती भांगाची ओहोटी. भांगात पाणी चढतही फार नाही आणि उतरतही फार नाही, म्हणून तेव्हाही जेट्टीखाली बऱ्यापैकी पाणी असतं.

राहिली उधाणाची ओहोटी, सगळ्यात वाईट पाण्याची. ती येते सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे. उधाणाचा खरा जोर पुनव-अवसेनंतर एक-दोन दिवसांनी असतो, तेव्हा ती सात-साडेसातपर्यंत सरकते. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर सगळ्यात कमी पाणी नेहमी अशा वेळी असतं जेव्हा जागा बघायला कुणी येत नाही. पहाटे मालक झोपलेला असतो, संध्याकाळी तो परतीच्या गाडीत असतो. यात कुणाचा कट नाही, चंद्राची चाल आणि शहरी माणसाचा रविवार यांचं वेळापत्रक असं जुळून आलंय. पण माझ्या धंद्यातली निम्मी भांडणं या जुळणीतून निघालेली आहेत.

रेवदंड्याच्या बाजूला एक तांडेल होते, सगळे त्यांना मामा म्हणत. कुंडलिकेच्या खाडीत एका मालकासाठी जागा बघायला मी दुपारी त्यांच्याकडे गेलो की ते पाण्याकडे बघायचेही नाहीत. "आता काय बगाचा हाय भाऊ? सुकतीला ये, मंग सांगतो." मग चहा, मग गप्पा, मग दिवस कलला की आम्ही दोघं किनाऱ्यावर. दुपारी जिथे बोटी डुलत होत्या तिथे त्यांचे तळ दिसायला लागायचे, आणि मामा बोट दाखवून सांगायचे: ती ओळ भांगाची, ती ओळ उधाणाची, आणि त्या पलीकडे अवसेला पण पाणी. ओळ म्हणजे काही रेघ नव्हे, गाळाचा रंग बदलतो तेवढंच. बाहेरच्या माणसाला सगळा चिखल सारखाच दिसतो.

आकड्यांत सांगायचं तर असं. नौकानयनाच्या नकाशावर, जे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयातून निघतात, खोलीचे आकडे एका ठरावीक खालच्या पातळीपासून मोजलेले असतात. समुद्राचं पाणी क्वचितच तिच्याही खाली उतरतं. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची त्या खोलीत मिळवायची. जिथे नकाशावरच्या आकड्याखाली रेघ मारलेली असते, तिथला तळ त्या पातळीच्या वर असतो आणि ओहोटीला उघडा पडतो. मुंबईत सर्वसाधारण उधाणाला पाणी 4.4 मीटरपर्यंत चढतं आणि 0.8 मीटरपर्यंत उतरतं. भांगाला 3.3 ते 1.9 च्या मध्ये खेळतं. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस जाहीर करते ते मोठ्या उधाणाचे, आणि ज्या दिवशी पाणी जास्त चढतं त्या दिवशी ते जास्त उतरतंही. ओहोटी 0.2 वर जाते, कधी त्याखालीही.

आता एक शिडाची बोट घ्या. बुडाखालची पात्यासारखी कील धरून पाण्याखालचं अंग, म्हणजे ड्राफ्ट, 1.8 मीटर. जागेची नकाशातली खोली 1.2. कीलखाली अर्धा मीटर मोकळं पाणी हवंच, कारण जवळून लाँच गेली की बोट वरखाली होते. म्हणजे तक्त्यात 1.1 मीटरची उंची असेल तेव्हाच ही बोट तिथे निर्धास्त. भांगाला चोवीस तास हरकत नाही. साध्या उधाणाला प्रत्येक ओहोटीला दोन-सव्वादोन तास जागा बंद. मोठ्या उधाणाला साडेतीन तासांच्या आसपास. दिवसाला दोन ओहोट्या, आणि त्याही सारख्या नसतात, एक दुसरीपेक्षा खोल जाते. शिवाय पाणी एका लयीत उतरत नाही. पहिल्या तासात थोडं, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात वेगाने. मोठ्या उधाणाला त्या मधल्या दोन तासांत दर तासाला मीटरभर पाणी जातं. "अजून अर्धा तास आहे" असं म्हणत समोश्याची दुसरी फेरी मागवणारा मालक यात सापडतो.

म्हणून उथळ पाण्यात जागा घेताना खोली हा प्रश्नच मी बाजूला ठेवायला शिकलो. मालकाला विचारायचं: तुम्ही कोणते तास सोडायला तयार आहात? कोळ्याच्या बोटीला हा प्रश्न सोपा आहे, कारण तो तासांच्या हिशोबानेच जगतो. पाणी आहे तेव्हा जातो, पाणी असेल तेव्हा येतो. शनिवार-रविवारच्या मालकाला मात्र सूर्यास्त हवा असतो. चार वाजता निघायचं, सूर्य बुडताना फोटो काढायचे, सात वाजता जेट्टीवर. पुनवेच्या आसपासचा सूर्यास्त म्हणजे नेमकी उधाणाची ओहोटी. शिवाय पुनवेच्याच रात्री चंद्र बघायला पाहुणे बोलावलेले असतात. अष्टमीला बोलवा म्हटलं तर लोकांना वाटतं मी ज्योतिष सांगतोय.

मुंबई बंदराच्या आतल्या भागात ओहोटीला गाळाची जोड मिळते. भाऊच्या धक्क्याहून रेवसला आणि मोऱ्याला जाणाऱ्या लाँचांचे उतारू हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. मोठी ओहोटी असली की फेऱ्या रद्द, कारण धक्क्यापर्यंत पाणीच नसतं. घारापुरीची जेट्टी इतकी लांब आहे की पर्यटकांना बेटावर नेण्यासाठी तिच्यावर छोटी आगगाडी धावते. एवढी लांबी हौसेने बांधलेली नाही, पाणी तितकं दूर आहे. पावसाळ्यात अंबा, पाताळगंगा, उल्हास या नद्या माती आणतात. ती पाण्यात तरंगत राहते, भरती तिला परत आत ढकलते, आणि जिथे पाणी शांत होतं तिथे ती बसते. आता बोटीसाठी उत्तम जागा कोणती? जिथे पाणी शांत आहे ती! जिथे बोटीला सुख, तिथेच गाळालाही सुख. एखाद्या जेट्टीवाल्याने ड्रेजर आणून खड्डा खणला तर तो खड्डा आजूबाजूचा गाळ ओढायला लागतो. खणल्या दिवशीची खोली दाखवून वर्षाचं भाडं घेणारे मी पाहिलेत. ती खोली तेव्हा खरीच असते.

इंग्रजांच्या काळातल्या मोठ्या जहाजांसाठी यावर तोडगा निघाला तो दरवाज्यांचा. 1880 चा प्रिन्सेस डॉक, 1888 चा व्हिक्टोरिया डॉक, आणि 1914 मध्ये उघडलेला अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. या गोद्यांना दरवाजे लावून भरतीचं पाणी आत अडवलं जाई. बाहेर समुद्र कितीही उतरो, आत जहाज तरंगत राही. भावनगरला, जिथे पाण्याचा चढउतार दहा मीटरांवर जातो, बंदराला असाच दरवाजा आहे. आमच्या तीस-चाळीस फुटी बोटींसाठी दरवाजा कोण बांधणार? आम्हाला बांबू होता.

बांबूने तळ चाचपण्यावर मी नेहमी भर दिला, आणि मालकांनी नेहमी हसून घेतलं, कारण त्यांच्या बोटीवर रंगीत पडद्याचं इको-साउंडर असायचं. ते यंत्र चांगलंच असतं. पण एक तर ते खोली मोजतं स्वतःपासून, आणि ते बसवलेलं असतं बोटीच्या पोटाला, कीलच्या टोकापेक्षा बरंच वर. मधलं अंतर यंत्रात भरलंय की नाही, हे दहातल्या सात मालकांना ठाऊक नसतं (हा माझा अंदाज, कुणी मोजलेलं नाही). दुसरं असं की बंदरातला वरचा गाळ हा घट्ट नसतोच. पेजेसारखा दाट पातळ थर असतो. वरच्या वारंवारतेचा आवाज त्याच्या पृष्ठभागावरूनच परततो, खालच्या वारंवारतेचा आत शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो. एकाच जागी दोन यंत्रं दोन आकडे दाखवतात आणि दोन्ही आपल्या परीने बरोबर. बांबू खाली सोडला की हाताला कळतं. आधी काहीच नाही, मग थोडा जडपणा, मग टेकलं. पहिला जडपणा कुठे लागतो ते महत्त्वाचं, कारण इंजिनाला थंड ठेवणारं पाणी बोट तिथूनच ओढते. कील अजून मोकळी तरंगतेय आणि इंजिन मात्र चिखल पितंय, असं बंदरात सर्रास होतं. गाळणी तुंबते, पंपाचं रबरी चाक झिजतं, आणि इंजिन तापल्याची घंटा वाजते ती जेट्टीपासून दहा हातांवर. कारागीर इंजिनाला दोष देतो, इंजिनवाला इंधनाला. बांबूचं नाव कुणी घेत नाही.

तरीही गाळ मला त्यातल्या त्यात बरा. मऊ गाळात कील लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि बोट बऱ्यापैकी सरळ उभी राहते. भरती आली की उठते, फक्त कधीकधी गाळ तिला चिकटून धरतो आणि पाणी बरंच वर आल्यावर ती एकदम सुटते. जेट्टीला आखूड दोर बांधलेला असेल तर मग बघायलाच नको. दोराचं शास्त्र नव्या खलाशाला शिकवायला वेळ लागतो. तरंगता फलाट पाण्याबरोबर वरखाली होतो, तिथे दोर आखूड चालतो. पक्क्या धक्क्याला साडेतीन मीटरचा चढउतार दोराने सोसायचा असतो. एका मालकाच्या नव्या पोराने भरतीला बोट घट्ट आवळून बांधली आणि जेवायला गेला. ओहोटीला बोट दोरांना लटकलेली, आणि दोर अडकवायचा क्लीट उपसून आलेला. पोरगा शहाणा होता, पुन्हा त्याने तसं केलं नाही. मालकाने मात्र त्याला काढून टाकलं, आणि पुढच्या खलाशाने तोच धडा त्याच बोटीवर गिरवला.

दगड वाईट. मालवणला सिंधुदुर्गाच्या भोवतीचं पाणी बघून उत्तरेतला माणूस भुलतो. स्वच्छ, तळ दिसणारं. तळ दिसतो याचा अर्थच तिथे काय आहे ते दिसतं, आणि तिथे खडक आहेत. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये किल्ला बांधायला घेतला तो अशा जागी, जिथे परक्या जहाजाला वाट सापडू नये. ती योजना अजून चालू आहे. सपाट बुडाची होडी खडकाळ तळावर एक वेळ निभावते. खोल अरुंद कीलची बोट बसली तर आडवी होते, आणि भरतीचं पाणी तिला उभं करण्याआधी आत शिरतं. अशा बोटीचा मालक कमी भाड्याची जागा मिळाली म्हणून आनंदात असला तरी मी सही करू देत नसे. एक-दोघांनी तरीही केली, ते त्यांचं नशीब.

वाळूची गोष्ट वेगळी, कारण वाळू चालते. मालवणच्या दक्षिणेला देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र, मध्ये वाळूची लांब चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर गाव. संगमाजवळची वाळूची बेटं एका हंगामात एके ठिकाणी असतात, पुढच्या हंगामात सरकलेली. पर्यटकांच्या बोटी नदीच्या बाजूला ठेवतात, ते योग्यच आहे. पण नदीतली जागा घेताना आपण एकच खोली बघतो, आपल्या बोटीखालची. मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की जागेच्या खोल्या दोन असतात. एक बोट उभी असते तिथली. दुसरी, तिथपासून मोकळ्या समुद्रापर्यंतच्या वाटेवर जिथे सगळ्यात कमी पाणी आहे तिथली. भाडं आपण पहिलीचं भरतो, बाहेर पडायची परवानगी दुसरी देते.

कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी एका बाजूला डोंगराचं नाक असतं, दुसऱ्या बाजूला वाळूचा दांडा. खोल पाणी सहसा नाकाला लागून जातं. पावसाळ्यात नदी वरून रेटते, समुद्र समोरून रेटतो आणि तोंडातली वाळू नव्याने मांडली जाते. म्हणून दर पावसाळ्यानंतर जुनी वाट जुनीच समजायची. गावातले लोक पहिल्या काही फेऱ्यांत काठ्या रोवून नवी वाट दाखवतात. त्या काठ्यांना कुठल्याही कागदावर स्थान नाही, पण मी माझ्या मालकांच्या महागड्या नकाशा-यंत्रांपेक्षा त्यांच्यावर जास्त विसंबलो. काठी रोवणाऱ्याला स्वतःची बोट आत आणायची असते, ही त्या काठीची हमी.

गोव्याला गेलं की मुंबईकराला हायसं वाटतं. किनाऱ्याने जसं दक्षिणेकडे जावं तसा चढउतार कमी होत जातो. गोव्यात उधाणालाही तो दोन मीटरच्या आसपास, भांगाला त्याहून बराच कमी. कोचीत तर मीटरभरच. मांडवीच्या काठाला बोट बांधली की दिवसभर ती जागच्या जागी दिसते. संध्याकाळी सहाचं भय नाही. मग मालक म्हणतो, मुंबईत उगाच एवढी वर्षं घालवली. त्याला मी आग्वादचा दांडा दाखवतो. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. हिवाळ्यात तो गुपचूप पाण्याखाली असतो, पण नैर्ऋत्येचं वारं सुटलं की त्याच्यावर लाटा फुटतात. लाटेच्या दोन डोंगरांमध्ये जो खड्डा पडतो त्यात बोटीखालचं पाणी नाहीसं होतं. खनिज वाहणाऱ्या बार्जसुद्धा पावसाळ्यात ही वाट सोडून कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरायच्या आणि तिथून मुरगाव बंदरात जायच्या. 2017 च्या जुलैत मांडवीत आणलं जात असलेलं एक कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूवर जाऊन बसलं, ते पणजीकरांना आठवत असेल. फिरायला येणाऱ्यांसाठी ते काही दिवस प्रेक्षणीय स्थळच झालं होतं. दक्षिणेत साळ नदीच्या तोंडाशी, बेतुल-कुटबणचे ट्रॉलरवाले वाळूच्या दांड्याबद्दल जे बोलतात ते छापण्यासारखं नसतं. तिथे आत धक्क्याला पाणी आहे, बाहेर समुद्राला पाणी आहे, मधल्या थोड्याशा जागेत नाही.

गोव्याच्या सरकारी फेरीबोटींनी मात्र हा गुंता आपल्यापुरता सोडवलाय. रायबंदर ते चोडण अशा वाटांवर दोन्ही काठांना उतरता रॅम्प असतो. पाणी वर असेल तर फेरीबोट रॅम्पच्या वरच्या भागाला टेकते, खाली असेल तर खालच्या. तिला ना दोराची लांबी मोजायची, ना फलाट तरंगवायचा. 2003 पासून दाभोळ-धोपावे दरम्यान चालणारी फेरीही त्याच तत्त्वावर गाड्या चढवते-उतरवते. सपाट बूड, थोडा ड्राफ्ट, उतरती कड. मी कितीदा मालकांना घेऊन जाऊन तो रॅम्प दाखवला. ते म्हणतात, छान आहे, पण आमची बोट अशी दिसत नाही ना. खरंय. सुंदर बोटींना खोल पाय असतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर उथळ खाडीतल्या फलाटापेक्षा खोल पाण्यातला बोया बरा. बोट वाऱ्या-प्रवाहाप्रमाणे आपलं तोंड फिरवते, तळाची चिंता नाही, भाडंही कमी. तोटा एकच. बोटीपर्यंत डिंगीतून जावं लागतं, आणि डिंगीतून चढताना बुटात पाणी जातं. या बुटातल्या पाण्यापायी लोक वर्षाला लाखांच्या हिशोबात जास्त पैसे मोजतात. मी त्यांना हसत नाही. ज्याला गुडघे दुखतात किंवा ज्याच्याबरोबर लहान मूल आहे त्याच्यासाठी फलाट ही चैन नव्हे.

पुण्याचे एक डॉक्टर त्यातले होते. त्यांची आई ऐंशीच्या पुढची, आणि त्यांना तिला बोटीवर न्यायचंच होतं. बोट वर सांगितली तशीच, 1.8 मीटर ड्राफ्टची. फलाटावर मिळत असलेली जागा आतली, 1.2 मीटरची. जागा देणाऱ्याच्या अर्जात "खोली" असा एक रकाना होता. मी त्यात दोन आकडे लिहिले, तारीख आणि वेळेसकट. कारकुनाने त्यातला मोठा ठेवून दुसरा खोडला, कारण रकाना एकाच आकड्याचा होता. डॉक्टरांना मी तो खोडलेला आकडा समजावून सांगितला. मग आम्ही वर्षभराचा भरतीचा तक्ता घेऊन बसलो आणि शनिवार-रविवारच्या संध्याकाळी चार ते आठ या वेळात पाणी 1.1 च्या खाली कधी जातं ते काढलं. उधाण दर पावणेपंधरा दिवसांनी येतं, शनिवार दर सात दिवसांनी. त्यामुळे ढोबळ मानाने तीन महिने एकाआड एक शनिवार-रविवार हातचा जातो, मग महिनाभर बहुतेक सगळे मोकळे, मग उरलेल्या शनिवार-रविवारांची पाळी. डॉक्टरांनी ते सगळे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल केले. पाहुणे मोकळ्या दिवशी, आणि लाल दिवशी घरचेच लोक. पाणी चढेपर्यंत बाहेर नांगर टाकून जेवायचं आणि रात्री नऊनंतर आत यायचं. त्यांच्या आईला हा बेत जास्त आवडला म्हणे, कारण मुलगा फोन न घेता चार तास समोर बसायचा.

पहिलं वर्ष असं गेलं. पावसाळ्यानंतर बांबू टाकला तर त्या जागेत 1.2 चे 0.9 झालेले. लाल दिवस वाढले, आणि प्रत्येक लाल दिवसातले बंद तासही वाढले. जागेच्या मालकाने ड्रेजिंग करतो म्हणून सांगितलं, मग पुढच्या महिन्यात करतो म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी भाडं तासांच्या प्रमाणात कापा अशी मागणी केली, जी मला आजही पूर्ण न्याय्य वाटते. ती फेटाळली गेली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांनी जागा तशीच ठेवली आणि बोट बदलली. आता त्यांच्याकडे कॅटामरान आहे. दोन सांगाडे, ड्राफ्ट मीटरभराच्या आत, आणि वेळ आली तर दोन्ही पायांवर गाळात नीट बसते. रुंद इतकी की दोन बोटींची जागा अडवते, म्हणून भाडं दुप्पट मागितलंय. आम्ही दीडपट म्हणतोय. बोलणी चालू आहेत.